रॅम मागितली की दुकानदार आधी बोर्ड का विचारतो?

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार असो की तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला, जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम मागितली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) कुठलाय?" गिऱ्हाईक मात्र किती जीबी घ्यायची हे ठरवूनच आलेलं असतं. दुकानदाराचं बरोबर आहे, आणि त्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत रॅमची स्टिक नव्हतीच. मूळ मॉडेलची मेमरी १६ केबी. ती वाढवायची तर बोर्डावरच्या सॉकेटांत एकेक चिप दाबून बसवायची, तेही पिना वाकू न देता. ही कटकट संपवली सिम (SIMM) नावाच्या मेमरीच्या पट्टीने. छोट्या पट्टीवर चिपा आधीच डकवलेल्या, पट्टी स्लॉटात बसवली की झालं. पण ३० पिनांची सिम एका वेळी ८ बिट द्यायची आणि ३८६ डीएक्स प्रोसेसर एका वेळी ३२ बिट मागायचा. म्हणून चार सिम एकदम घ्याव्या लागत, तीन घालून मशीन सुरू होत नसे. पुढे ३२ बिटांची ७२ पिनी सिम आली, तर पेंटियमचा डेटा मार्ग ६४ बिटांचा झाला. मग दोन-दोन. "रॅम नेहमी जोडीनेच घालायची" हा सल्ला आजही ऐकू येतो, त्याची सुरुवात इथली.

सिमनंतरची १६८ पिनांची डिम (DIMM) एकटीच ६४ बिट देऊ लागली, तेव्हा ही सक्ती संपली. २००३ च्या आसपास ड्युअल चॅनलमुळे (दोन स्टिकांशी एकाच वेळी देवाणघेवाण करण्याची सोय) जोडी परत आली, पण आता वेग वाढवण्यासाठी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर तो फरक जाणवतो; नुसत्या टायपिंग आणि टॅलीसाठी एका स्टिकवर अडत नाही.

मधल्या काळात एक फाटा असा फुटला की त्यात अडकलेल्यांना तो महागात पडला. इंटेलने रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅमवर भिस्त ठेवली आणि २००० च्या अखेरीस पेंटियम ४ आणला तो फक्त आरडीरॅम चालणाऱ्या ८५० चिपसेटसह (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम वगैरेंना जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा). स्टिका महाग, जोडीनेच घ्यायच्या, आणि रिकामा स्लॉट रिकामा ठेवायचीही सोय नाही, त्यात चिप नसलेली पट्टी बसवावी लागे. २००१ मध्ये इंटेलने साध्या एसडीरॅमवर चालणारा ८४५ चिपसेट काढला, त्यावर लवकरच डीडीआर ही एसडीरॅमची पुढची, वेगवान जातही चालू लागली. आरडीरॅम बाजूला पडली, पण ती मशीनं घेतलेल्यांना रॅम वाढवायची म्हटलं की तीच महागडी जात शोधत फिरावं लागलं.

डीडीआरच्या पिढ्या त्यामानाने शहाण्यासारख्या बदलल्या. व्होल्टेज उतरत गेलं: २.५, मग १.८, १.५, १.२. प्रत्येक पिढीत स्टिकच्या कडेवरच्या खाचेची जागा बदलली, म्हणजे चुकीची स्टिक स्लॉटात शिरणारच नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना पिना २४०च, फक्त खाच वेगळ्या जागी. तरी जोर लावून स्लॉट मोडणारे भेटतात.

खाच जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. आपल्याकडच्या घरांत, शाळांत, सायबर कॅफेंत शिल्लक असलेल्या असेंबल्ड मशीनांवर खरी गोम इथेच आहे. ९४५ चिपसेट ४ जीबीच्या पलीकडे पाहूच शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स, पीसीआय कार्डं वगैरेंच्या पत्त्यांसाठी अडून राहतो. विंडोज ६४ बिटी टाकलं तरी ती जागा परत मिळत नाही. जी३१ चीही कमाल मर्यादा ४ जीबी. जी४१ ८ जीबी घेतो, पण ४ जीबीची डीडीआर३ स्टिक १६ चिपांची हवी. आठ मोठ्या चिपांची नवी स्टिक घातली तर बहुधा स्क्रीन काळीच राहते. स्टिकवर आकडा तोच, जात तीच, तरी चालत नाही, कारण एवढ्या दाट चिपा वाचणं त्या चिपसेटला शिकवलेलंच नाही. २०११ च्या एच६१ ला हे वावडं नाही: स्लॉट दोनच, पण आठ-आठ धरून १६ जीबीपर्यंत मजल जाते.

ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या ४ जीबीच्या डीडीआर२ स्टिकांचं गौडबंगालही असंच. 'फक्त एएमडीसाठी' ही ओळ बारीक अक्षरात असते. त्यांतल्या चिपांची मांडणी एएमडीचे मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) वाचतात, इंटेलचे त्या काळचे चिपसेट वाचत नाहीत. एएमडीने २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ पासून कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच नेला होता. इंटेलने तेच पाऊल २००८ मध्ये कोअर आय७ पासून उचललं. त्यामुळे इंटेलच्या कोअर टू ड्युओपर्यंत चिपसेट पाहायचा, त्यानंतरच्या मशीनला बोर्डाबरोबर प्रोसेसरची पिढीही सांगायची. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम मात्र कितीही स्वस्त मिळो, साध्या डेस्कटॉपला घेऊ नये. ती चालत नाही.

भावाचं गणितही उलटं चालतं. जी जात बाजारातून जाऊ लागते तिची नवी स्टिक महाग होते, म्हणून डीडीआर२ साठी जुन्या मालाकडे वळणंच परवडतं. शिवाय मेमरीचा भाव कधी कशाने उसळेल सांगता येत नाही. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथल्या सुमितोमोच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपांवर आवरण घालून त्या सीलबंद करायला लागणारं इपॉक्सी रेझिन तिथे बनायचं. ते अडलं आणि रॅमचे भाव जगभर भडकले. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी खेचल्यावर पुन्हा तेच झालं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही थांबला, आणि एच६१ वरचे प्रोसेसर विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाहीत. तरी अशा मशीनमध्ये जुन्या बाजारातल्या डीडीआर३ च्या दोन ४ जीबी स्टिका आणि एक एसएसडी घालून लिनक्स टाकलं, तर घरचं काम निभावतं. जी३१ वर मी एवढेही पैसे घालणार नाही. आहे ती स्टिक काढून तिच्या पिना खोडरबराने पुसून परत बसवावी आणि चालेल तितकं चालवावं.