रूट कॅनालमधील जंतुनाशक ड्रेसिंग

रूट कॅनाल उपचाराच्या दोन भेटींमधल्या काळात दाताच्या मुळातील पोकळीत भरून ठेवले जाणारे औषध. दाताचा गर (पल्प) मेला की तिथला रक्तपुरवठा थांबतो. त्यामुळे पोटात घेतलेली अँटिबायोटिकची गोळी मुळाच्या आतल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. औषध थेट तिथेच ठेवावे लागते.

फाइल या बारीक कानशीने घासून आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने धुऊन बहुतेक जंतू निघून जातात. उरतात ते आडवाटांना दडलेले: मुळाच्या फाट्यांत, टोकाजवळच्या वळणांत आणि डेंटिनमधल्या (दाताच्या आतल्या कठीण थरातल्या) जेमतेम 1 ते 3 मायक्रोमीटर रुंदीच्या सूक्ष्मनलिकांत. ड्रेसिंगचा रोख यांच्यावर असतो. नीट न घासलेल्या मुळाच्या मुख्य नलिकेत (कॅनालमध्ये) कितीही चांगले औषध भरले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आज सर्वाधिक वापर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा आहे. जर्मन दंतवैद्य हर्मन यांनी 1920 मध्ये ते दंतोपचारात आणले. पाण्यात किंवा सलाइनमध्ये कालवलेल्या या पांढऱ्या पेस्टचा पीएच सुमारे 12.5 असतो. तिच्यातून सुटणारे हायड्रॉक्सिल आयन जंतूंचे पटल, प्रथिने आणि डीएनए यांची नासधूस करतात. जंतू मेल्यावर मागे राहणारे त्यांचे विष, म्हणजे एंडोटॉक्सिनही, हे आयन निष्प्रभ करतात. मात्र हे काम सावकाश होते, म्हणून ती साधारण आठवडाभर तरी ठेवतात. शिवाय डेंटिन स्वतःच हा अल्कधर्मीपणा शोषून बोथट करते. एंटेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू तर प्रोटॉन पंपाच्या (हायड्रोजन आयन पेशीत ओढणाऱ्या यंत्रणेच्या) जोरावर पेशीतला पीएच सांभाळतो आणि तग धरतो. आधी रूट कॅनाल होऊनही पुन्हा बिघडलेल्या दातांत तो वारंवार सापडतो. अशा वेळी 2 टक्के क्लोरहेक्सिडीन जेलचा पर्याय असतो. पण आधीचे हायपोक्लोराइट पुरते धुतलेले नसेल, तर दोन्हींच्या संयोगाने तपकिरी साका तयार होतो.

फॉर्मोक्रेसॉल, कापूरयुक्त मोनोक्लोरोफिनॉल ही जुनी, उग्र औषधे ऊतींना घातक असल्याने मागे पडली. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकांची तिहेरी पेस्ट प्रभावी आहे. मिनोसायक्लिनमुळे दात काळवंडतो, ही तिची मोठी अडचण.

पेस्ट सुईने किंवा लेंट्युलो स्पायरल या फिरत्या, मळसूत्री तारेने नलिकेत भरतात, वर कापसाचा छोटा बोळा आणि त्यावर किमान 3 ते 4 मिलिमीटर जाडीची तात्पुरती फिलिंग. ही फिलिंग झिरपली की लाळेबरोबर नवे जंतू आत शिरतात. दुखणे थांबले म्हणून पुढच्या भेटीला न येणाऱ्यांच्या दातात नेमके हेच घडते. कायमची फिलिंग करण्यापूर्वी ईडीटीए हे कॅल्शियम विरघळवणारे द्रावण आणि अल्ट्रासॉनिक टिप (ध्वनिलहरींनी कंपणारे टोक) वापरून पेस्ट काढतात, तरी भिंतींवर थोडी चिकटून राहतेच.

ड्रेसिंग न करता एकाच बैठकीत उपचार संपवावा का, यावर मतभेद आहेत. तुलनात्मक अभ्यासांत दात बरा होण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसलेला नाही. तरीही नलिकेतून पू किंवा पाणी येतच राहिले तर ती त्याच दिवशी कोरडी करून भरता येत नाही आणि ड्रेसिंग करून थांबावे लागते. खालच्या दाढांत पेस्ट मुळाबाहेर ढकलली जाऊन जबड्याच्या मज्जातंतूला इजा होऊ नये, म्हणून ती हलक्या दाबानेच भरतात.