वीस-पंचविशीत दातांना तार लावण्यापूर्वी

‘आता वय गेलं का?’ कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासला येणारी मुलं, नुकतीच नोकरीला लागलेली मंडळी, लग्न ठरलेल्या मुली, आमच्या दातांच्या दवाखान्यात सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. वय गेलेलं नाही. तारेचा हलका दाब दातावर पडला की ज्या बाजूला दात सरकतो तिथलं हाड झिजतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. हे विशीत होतं तसंच चाळिशीतही होतं. फक्त या वयात जबड्याची वाढ थांबलेली असते. दोष दातांऐवजी जबड्यातच मोठा असेल, तर तारेबरोबर शस्त्रक्रियाही लागू शकते. तसं असेल तर आम्ही पहिल्या तपासणीतच सांगतो.

घरी एकदा आरशासमोर उभे राहा. मागच्या दाढा एकमेकींवर टेकवा आणि ओठ बाजूला करा. वरच्या दातांनी खालचे दात दोन-तीन मिलिमीटर झाकलेले दिसले तर ठीक. खालचे दात दिसतच नसतील, वरचे दात खालच्यांच्या आत जात असतील, किंवा दाढा टेकूनही पुढे फट राहत असेल, तर चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, बिघडलेला आहे. पुढची फट असलेल्यांना भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही, तो दाढेकडे न्यावा लागतो. वर्षानुवर्षांची सवय झाल्याने हे त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं.

दातांमधल्या फटींची कारणं वेगवेगळी असतात. कुणाचे दात जबड्याच्या मानाने लहान, कुणाचा एखादा दात उगवलेलाच नाही, कुणाच्या वरच्या ओठामागची पट्टी जाड, तर कुणाला गिळताना जीभ दातांवर ढकलायची सवय. पूर्वी नसलेली फट अलीकडे पडली असेल, तर आधी हिरड्या तपासायलाच हव्यात. हिरड्या सुजलेल्या असताना तार लावली तर दात आणखी सैल होतात. मावा, तंबाखू खात असाल तर मोकळेपणाने सांगा. कुणी रागावणार नाही, पण ते कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.

एक कळकळीची विनंती. मोबाइलवर व्हिडिओ बघून दोन दातांना साधा रबर अडकवू नका. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबर हळूहळू हिरडीखाली सरकतो आणि दिसेनासा होतो. मुळाभोवतीचं हाड खाऊन तो चांगला दात गमावायला लावू शकतो.

‘सहा महिन्यांत लग्न आहे, तेवढ्यात होईल का?’ एखादी लहान फट असेल तर जमू शकतं, बाकी बहुतेकांना दीड ते दोन वर्षं लागतात. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जागेसाठी उपदाढ (सुळ्यामागची लहान दाढ) काढावी लागली तर ती सुमारे सात मिलिमीटरची जागा भरायलाच सात-आठ महिने जातात आणि त्यानंतर चावा जुळवायचा असतो. जास्त जोर लावला तर मुळं झिजण्याचा धोका असतो, म्हणून घाई आम्ही करत नाही.

धातूची तार मजबूत आणि स्वस्त. सिरॅमिकची कमी दिसते, पण तिच्यावरच्या पारदर्शक रबरी कड्या हळदीने पिवळ्या पडतात. रविवारी तांबडा रस्सा झाला की सोमवारी आरशात दिसतंच. कड्या पुढच्या भेटीत बदलतो, त्यासाठी रस्सा सोडू नका. मटणाचं हाडूक, ऊस, चिक्की आणि कणीस मात्र दातांनी तोडू नका, ब्रॅकेट (तार धरणारा, दाताला चिकटवलेला तुकडा) निघतो. पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर बसवायचे काढ-घाल करता येणारे साचे, दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात. खिशात ठेवलेल्या अलाइनरने दात हलत नाहीत. काही गुंतागुंतीच्या चाव्यांना तारच बरी पडते.

तार लावल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात. तेवढे दिवस आमटी-भात, दहीभात खा. गालाला टोचेल तिथे आम्ही दिलेलं मेण लावा. फुटबॉल किंवा कुस्ती खेळत असाल तर आधी सांगा. तारेवर बसेल असा माउथगार्ड लागतो, नाहीतर एका धक्क्यात ओठ आतून फाटतो.

तार निघाली की उपचार संपले असं बरेच जण समजतात आणि तिथेच दोन वर्षांचं काम वाया जातं. सरकवलेले दात जुन्या जागेकडे परत ओढले जातात, त्यामुळे त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लागतोच. सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, नंतर रात्री. पुढच्या दातांत फट होती त्यांच्या दातांमागे बारीक तार चिकटवतो, ती वर्षानुवर्षं ठेवावी लागते. काढता येणारा रिटेनर गरम पाण्याने धुऊ नका, वाकडा होतो.

पहिल्या भेटीला जुने एक्स-रे असतील तर आणा. तपासणी, एक्स-रे आणि दातांची मापं झाल्यावर खर्च आणि हप्ते लेखी देतो. दर चार ते सहा आठवड्यांनी यावं लागतं, म्हणून परीक्षा, पुण्या-मुंबईची नोकरी, लग्न, पेठेचे फुटबॉल सामने, ज्या तारखा माहीत असतील त्या आधीच सांगा. भेटी त्यानुसार ठरवू.