खडपातील समुद्री शेवाळ : ओहोटीच्या फेरीपूर्वी वाचावयाची माहिती

रत्नागिरी आणि मालवण परिसरातील खडपांवर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, आमच्याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांना काय, कोठे आणि केव्हा पाहावयास मिळेल, हे आधीच ठाऊक असावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

समुद्री शेवाळाला मुळे नसतात. तळाच्या पकडीने ते कातळाला चिकटते आणि अन्नद्रव्ये सर्वांगाने शोषून घेते. त्यामुळे सरकत्या वाळूच्या पुळणीवर ते क्वचितच रुजते. खडपात कोणते शेवाळ कोठे टिकेल, हे मुख्यतः ओहोटीत ती जागा किती वेळ उघडी पडते यावर ठरते. वरच्या कातळावर, जेथे ऊन सर्वाधिक लागते, तेथे हिरवी शेवाळे अधिक आढळतात. त्यांपैकी उल्वाचे पान पेशींच्या अवघ्या दोन थरांचे असते, तरीही ते उन्हात वाळून भरतीत पुन्हा तजेलदार होते. थोडे खाली, खडकावर वाळूचा पातळ थर साचलेला असेल तेथे कॉलर्पा पसरते. त्याचा सारा विस्तार म्हणजे एकच पेशी असते.

मधल्या पट्ट्यातील पाणी साचलेल्या खळग्यांत पंख्याच्या आकाराचे पडायना दिसते. त्याच्या पानावर चुना साचून पांढुरके पट्टे उमटतात. बहुतेक पाहुण्यांना सरगॅसमची दाट तपकिरी झुडपे अधिक आवडतात, आम्हाला मात्र हे खळगेच अधिक पाहण्यासारखे वाटतात. सरगॅसम अगदी खालच्या कडेला, फक्त मोठ्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या भागात वाढते आणि हवेने भरलेल्या बारीक गोळ्यांमुळे पाण्यात उभे राहते. ग्रॅसिलेरियासारखी लाल शेवाळे, ज्यांच्यापासून ‘अगर’ हा जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ मिळतो, तीही याच बाजूला शोधावीत.

पॉर्फिराचे वेळापत्रक मात्र उलटे आहे. जपानी नोरीचे, म्हणजे खाण्याच्या शेवाळाचे, हे भाऊबंद इतर शेवाळे लाटांनी उखडली जातात त्या पावसाळ्यात वरच्या कातळावर उगवते आणि पाऊस सरल्यावर दिसेनासे होते. या गटातील शेवाळे आयुष्याचा दुसरा टप्पा शिंपल्यांत सूक्ष्म तंतूंच्या रूपाने काढतात, हे ब्रिटिश शैवालशास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी 1949 साली दाखवून दिले. पावसाळ्यातील खडप अतिशय निसरडे असल्याने त्या दिवसांत आम्ही फेरी ठेवत नाही. आमच्या फेऱ्या नोव्हेंबर ते मार्च या काळात असतात.

खालचा पट्टा पाहावयाचा तर उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांतील ओहोटी लागते. तिथीच्या आकड्याला पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्रयोदशीला ती पावणेदहाच्या सुमारास येते आणि चारच्या आसपास पाणी पुरते उतरते. पौर्णिमा-अमावास्येला हीच ओहोटी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास येते व परतताना अंधार होतो, म्हणून आम्ही त्रयोदशी आणि चतुर्दशीच निवडतो. पाणी उतरण्याच्या दोन तास आधी निघावे लागते. खडपातील कालवांच्या शिंपल्यांच्या कडा धारदार असल्याने मागून बंद असलेली, पकड असणारी पादत्राणे घालावीत. चिकटलेले शेवाळ ओढू नये. हातात घेऊन पाहण्यासाठी लाटेने काठावर आणून टाकलेले पुरेसे असते.