राधानगरीचं पाणी शिरोळला पोचेपर्यंत

जुलैच्या शेवटी कोल्हापुरात दोनच आकडे चालतात: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आणि राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढू लागलं की कट्ट्यावरचा सवाल ठरलेला, "धरण आधीच मोकळं का केलं नाही?" तीच मंडळी एप्रिलमध्ये उपसाबंदी लागू झाली की विचारतात, "पावसाळ्यात एवढं पाणी का सोडून दिलं?" दोन्ही सवाल रास्त आहेत. पंचाईत अशी, की एकाचं उत्तर दिलं की दुसरा आणखी अवघड होतो.

थोडी आकडेमोड करू. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिलं की तो एक क्युसेक. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका दिवसात एक टीएमसी सोडायचं तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. राधानगरीचा साठा साधारण ८.३६ टीएमसी, आणि तिथल्या वीजगृहातून नदीत पडणारं पाणी १,४०० ते १,५०० क्युसेकच्या आसपास. या वाटेनं एक टीएमसी जागा करायला आठेक दिवस हवेत, तेही वरून थेंब आला नाही तर. धरणाच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलात, जुलैत असे आठ दिवस मिळत नाहीत. अतिवृष्टीचा भरवशाचा अंदाज मात्र मिळतो जेमतेम तीन-चार दिवस आधी. तो ऐकून धरण रिकामं करायला घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

धरण भरल्यावर तर माणसाच्या हाती फारसं उरतच नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे काम पूर्ण व्हायला पन्नासचं दशक उजाडलं. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की मिटतो. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, सातही उघडले तर जवळपास १०,०००. दरवाजे उघडले म्हणून अधिकाऱ्याला शिव्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ते कुणी उघडलेले नसतात.

शिवाय पूर एकट्या राधानगरीचा नसतो. ज्यांची मिळून पंचगंगा होते त्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती (राधानगरी हिच्यावरच) या चारही नद्यांवरची मोठी धरणं मिळून साठा सतरा टीएमसीच्या घरात जातो. पण धरणांच्या खालच्या डोंगरउतारांवर पडलेलं पाणी थेट नदीला येतं, त्याला कुठलाच दरवाजा नाही. शंभर चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं एक कोटी घनमीटर, म्हणजे टीएमसीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. गगनबावड्याकडे एका दिवसात एवढा पाऊस झाला तर त्याची बातमीसुद्धा होत नाही.

मग धरणं चालवणाऱ्याच्या हाती काय राहतं? वेळ. धरणाखालचे ओढे-नाले फुगलेले असताना धरणाचं पाणी थोडं रोखायचं, ते ओसरले की सोडायचं. दोन नद्यांचे लोंढे संगमावर एकाच वेळी भेटू द्यायचे नाहीत. कागदावर हे सोपं दिसतं. पण नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णेत तोवर कऱ्हाडला कोयनेचं, हरिपूरला वारणेचं पाणी आलेलं असतं. कोयना १०५ टीएमसी, वारणा ३४. कृष्णा चढली की पंचगंगेला पुढे सरकायला उतारच उरत नाही, पाणी मागे फुगतं. वाडीच्या दत्त मंदिरात पुराचं पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळ्याला गर्दी होते तेव्हा संगमाजवळच्या शिरोळमधली जाणती माणसं जनावरं हलवायच्या तयारीला लागलेली असतात. शिरोळसाठी राधानगरीइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व कोयनेच्या वेळापत्रकाला आहे, आणि ते ठरतं दुसऱ्या जिल्ह्यात.

त्याच्याही खाली, कर्नाटकात, कृष्णेवरच हिप्परगीचा बंधारा आणि अलमट्टीचं धरण. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेण्याचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि पाणी मागे फुगेल म्हणून इकडे त्याला विरोध. २०१९च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. ते इथं अनेकांना पटलेलं नाही. मला वाटतं, दोष कुणाचा यावर जेवढा वाद घातला जातो, त्याच्या निम्मा जरी दर तासाचे विसर्ग दोन्हीकडे एकाच फलकावर दिसण्यासाठी घातला तर जास्त उपयोग होईल.

पावसाळा सरला की खेळ उलटा. इथल्या नद्याच कालवे आहेत. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत दगडी खांब असतात, खांबांना खाचा असतात. पाऊस गेला की पाणी अडवायला खाचांत एकावर एक बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. घालायला उशीर झाला तर पाणी कर्नाटकात गेलं. घाई केली आणि परतीचा पाऊस कोसळला, तर भरल्या पाण्यात बर्गे काढायला उतरायचं कुणी?

उन्हाळ्यात धरणातून सोडलेलं पाणी असं पायऱ्या उतरत जातं, आणि प्रत्येक पायरीवर उसाला लावलेल्या मोटारी असतात. शेतीची वीज आली की सगळ्या एकदम सुरू. म्हणून उपसाबंदी: वरच्या टप्प्यातला उपसा काही दिवस थांबवायचा, तेव्हा कुठे पाणी खाली सरकतं. शेतकरी, पालिका आणि कारखाने पाणी मागू शकतात. नदी मागत नाही. प्रवाह आटला तरी सांडपाणी तेवढंच येतं, ते पातळ करायला पाणी उरत नाही, आणि मग मेलेले मासे तरंगतात. इचलकरंजीला पिण्यासाठी दूधगंगेचं पाणी द्यायला कागलकरांचा विरोध का आणि शहराचा आग्रह का, हेही इथंच कळतं.

आता समजा, ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरण मुद्दाम थोडं रिकामं ठेवलं. पुराचं पाणी आत मावलं, शिरोळची घरं वाचली. पण पुढे पावसानं ओढ दिली आणि धरण भरलंच नाही, तर मे महिन्यात पाणी सोडण्याची एक पाळी हुकणार. आणि पाळी हुकली की सगळ्यात आधी कोरडं पडतं नदीचं शेवटचं टोक, म्हणजे पुन्हा शिरोळच. जागा रिकामी ठेवायचीच असेल, तर त्या वर्षी शेवटच्या बंधाऱ्याचं उन्हाळी पाणी आधी राखून ठेवावं आणि कपात वरून सुरू करावी. करवीर-राधानगरीकडच्या ऊसवाल्यांना हे पचणार नाही, याची मला खात्री आहे.