जस्त तरंगवणारा द्रव: पार्श्वभूमी

जुन्या मोटारी अख्ख्या श्रेडरमध्ये घालून त्यांचे तुकडे करायची पद्धत अमेरिकेत १९६०च्या दशकात रुळली. त्यातले लोखंड चुंबकाने उचलता येते. मागे उरते ती खरी कमाई आणि खरी डोकेदुखीही: दारांच्या मुठी, कार्बुरेटर यांचे ओतीव जस्त, वायरींचे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम. पाण्याची घनता १ धरली, तर त्यांची अनुक्रमे ७.१, ८.९ आणि २.७. फेरोसिलिकॉनची (लोखंड आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूची) पूड कालवून पाण्याची घनता तीनच्या थोडी वर नेता येते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम तरंगवून वेगळे निघते. पण जस्त आणि तांबे यांच्या मधल्या, म्हणजे आठच्या आसपासच्या घनतेचा द्रव आणायचा कुठून? पारा विषारी, शिवाय १३.५ घनतेचा, त्यात दोन्ही तरंगणार.

उत्तर आले भंगाराशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणाहून. नासाच्या क्लीव्हलंड येथील लुईस केंद्रात स्टीव्ह पॅपेल यांना वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून पंपाशी आणायचे होते. १९६३च्या सुमारास त्यांनी रॉकेलमध्ये ओलेइक आम्ल घालून मॅग्नेटाइट (चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज) दिवसचे दिवस दळले. कण इतके बारीक झाले की ते तळाशी बसेनात, आणि आम्लाच्या लेपामुळे एकमेकांना चिकटेनात. तयार झाला तो चुंबकाकडे ओढला जाणारा द्रव.

अ‍ॅव्हको कंपनीतल्या रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी १९६६मध्ये या चुंबकीय द्रवाची पुढची बाजू मांडली. कमी-जास्त तीव्रतेच्या चुंबकीय क्षेत्रात हा द्रव तीव्र बाजूकडे ओढला जातो आणि त्यात बुडलेली अचुंबकीय वस्तू उलट दिशेला ढकलली जाते. क्षेत्राची तीव्रता वरून खाली वाढत गेली, की जेमतेम पाण्याहून जड असलेला द्रव शिशालाही उचलतो. विद्युतचुंबकातला प्रवाह बदलला की द्रवाची भासणारी घनता बदलली! आधी ‘पाच’ ठेवून अ‍ॅल्युमिनियम काढा, मग ‘आठ’ करून जस्त वर आणा, तांबे तळाला.

अ‍ॅव्हकोने नासाच्या मदतीने मोटार-भंगारासाठी असे यंत्र उभारले, जपानमध्ये हिताचीनेही प्रयत्न केला. विभाजन छान जमले. पण महागडा द्रव प्रत्येक तुकड्याला चिकटून बाहेर जाई, आणि तो धुवून परत मिळवण्यातच हिशेब कोलमडे. माझ्या मते हे तंत्र मागे पडले ते इथेच. पुढे एडी करंट यंत्रे (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूचे तुकडे दूर फेकणारी) आणि क्ष-किरणांनी तुकडे ओळखणारी यंत्रे आली. त्यांना द्रवच लागत नाही.

२०००नंतर नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट विद्यापीठातल्या पीटर रेम यांनी हाच विचार पातळ, पाण्यातल्या द्रवावर आणि कायमस्वरूपी चुंबकांवर आणला, तोही मुख्यतः प्लॅस्टिकसाठी. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन या प्लॅस्टिकांची घनता पाण्याच्या इतकी जवळ, की तिथे सौम्य क्षेत्रही पुरते. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातल्या जड धातूंसाठी मात्र ट्वेंटे विद्यापीठाला अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या तारांच्या, खूप ताकदवान) चुंबकाकडे वळावे लागले.