अज्ञात वाहनाच्या धडकेची भरपाई : अर्ज नेमका कोठे अडतो

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील ही योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. हाड मोडणे हीसुद्धा कायद्याने गंभीर दुखापतच असते, हे अनेक जखमींना कोणी सांगतच नाही.

अर्ज तहसीलमध्ये अडलेला दिसतो, पण तो बिघडतो अपघाताच्या दिवशीच. जखमीला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले जाते. या धावपळीत पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून नातेवाईक ‘गाडीवरून पडला’ असे सांगतात आणि तेच वाक्य केसपेपरवर कायमचे राहते. १०८ ला फोन करावा, उपचारांना क्षणाचाही उशीर करू नये, पण डॉक्टरांना खरे कारण सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद करून घ्यावी. वाटेतच मृत्यू झाला, तर दुःखात मृतदेह थेट घरी नेऊन अंत्यसंस्कार उरकले जातात. शवविच्छेदन अहवाल मात्र नंतर कोठूनही मिळत नाही, म्हणून कितीही जड गेले तरी ते करून घ्यावे.

नमुना १ मधील अर्ज अपघात जेथे घडला तेथील प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा असतो. बीडहून ऊसतोडीला गेलेला मजूर सांगली जिल्ह्यात दगावला, तर गावच्या तहसीलमधील हेलपाटे व्यर्थ जातात. सोबत एफआयआर, शवविच्छेदन किंवा दुखापतीचा अहवाल, ओळख व पत्त्याचे पुरावे आणि पासबुकाची प्रत लागते. पुढे वाहन सापडून दुसरी भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करण्याचे हमीपत्रही द्यावे लागते. त्यावर सही करायला घाबरण्याचे कारण नाही.

एक महिन्याच्या मुदतीचा अर्थ तर सर्रास उलटा लावला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना बजावले की, अपघाताच्या नोंदीनंतर महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पीडित कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यावी. म्हणजे महिना उलटल्यावर तुमचा हक्क संपत नाही, उलट पोलिसांचे कर्तव्य सुरू होते. ते पत्र आले नाही म्हणून घरी बसून राहू नये.

उपचारांच्या खर्चाची योजना वेगळी आहे. ५ मे २०२५ पासून नियुक्त रुग्णालयांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची तरतूद आहे, मात्र ती ७ दिवसांपुरतीच असून हे दिवस अपघाताच्या तारखेपासून मोजतात, दाखल झाल्यापासून नव्हे.

अर्ज दिल्यावर तारखेची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. चौकशी अहवालासाठी एक महिना, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी १५ दिवस आणि खात्यात रक्कम जमा होण्यासाठी आणखी १५ दिवस, असा हिशेब त्या पोचेच्या आधारेच मागता येतो.