खानदेश पाहायचा, पण कोणता?

खानदेशात फिरायचा बेत आखला की आधी नकाशाच आडवा येतो. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी, हे शाळेपासून पाठ. पण बघण्यासारखं निम्मं हद्दीवर आहे, आणि हद्दी सारख्या सरकल्यात.

मुळात नावाचाच घोळ. गुजरातच्या सुलतानाने थाळनेरहून इथे राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याला 'खान' किताब दिला म्हणून खानदेश, असं एक मत. दुसरं, मूळ नाव 'कान्हदेश', कान्हाच्या म्हणजे कृष्णाच्या आभीर गवळ्यांचा मुलूख. अहिराणी बोलणाऱ्या, श्रावणात कानबाई देवी बसवणाऱ्या घरांत हे दुसरं मत गोड लागतं. १६०१ मध्ये फारुकींचा असीरगड किल्ला पडल्यावर मोगलांनी शाहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला 'दांदेश' म्हटलं. 'खान' काढून 'दान' बसवलं, म्हणजे त्यांच्या कानांना तरी तिथे खानच ऐकू येत होता. माझा कल त्यामुळे पहिल्या मताकडे. 'दांदेश' कागदांतच राहिलं. पाटीवर अर्धा 'न' घालून 'खान्देश' लिहिलं की दोन्ही पक्ष गप्प.

फारुकींचं वैभव बघायचं तर बुऱ्हाणपूरला जावं लागतं, आणि ते आता मध्य प्रदेशात.

१९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश केले. संयुक्त महाराष्ट्रानंतर त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि सरकारी नकाशावरून खानदेश हा शब्दच गेला. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळं झालं. तोरणमाळचं पठार, प्रकाशा गावचा तापीकाठ, सारंगखेड्याचा घोडेबाजार, सगळं धुळ्याच्या यादीतून तिकडे गेलं.

अजिंठ्याचं दुखणं जुनं. लेणी निजामाच्या मुलखात, पण रेल्वेने येणारा उतरायचा जळगावला. आजही स्टेशनपासून साठेक किलोमीटर, आणि लेणी दुसऱ्या जिल्ह्यात.

मला यातली सगळ्यात आवडती जागा चाळीसगावजवळची पाटणादेवी. इथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. देवळामागून जंगलवाटेने चढत गेलं की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली, सोंडा बऱ्याच तुटलेल्या. देवी जळगाव जिल्ह्यात, हत्ती छत्रपती संभाजीनगरच्या कन्नड तालुक्यात. गौताळ्याचं अभयारण्य मात्र दोन्हीकडे पसरलेलं.